झाकणाच्या आतल्या बाजूला

घरचा फ्रिज बंद पडला तेव्हा थंडोबाला जाऊन सात वर्षं होत आली होती.

थंडोबा म्हणजे तिचा नवरा. खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त कागदावर. धंदा फ्रिज आणि एसी दुरुस्तीचा, आणि स्वभाव असा, की डोक्यावर छप्पर कोसळत असलं तरी म्हणणार, "थांब गं, आधी चहा होऊ दे." मग लोक दुसरं काय नाव ठेवणार?

फ्रिज दोन दिवस मुका होता. थंडोबाचा जुना दोस्त, ज्याला सगळे उस्ताद म्हणत, तो येतो म्हणाला आणि आला नाही. फ्रिज-एसीचं काम शिकवणारा वर्ग काढल्यापासून उस्तादाला मरायला सवड नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला, फ्रिजची पिन काढली, फ्रिज भिंतीपासून ओढला आणि मागचं पत्र्याचं झाकण स्क्रूड्रायव्हरनं उघडलं. आत बोटभर धूळ. झाकण पुसायला उलटं केलं, तर आतल्या बाजूला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं.

सात वर्षांपूर्वी तिला ती मुंग्यांची रांग वाटली असती. तिला अक्षर येत नव्हतं. नवरा गेल्यावर त्याच्या खिशातल्या वस्तू ताब्यात घेताना तिनं कागदावर अंगठा उठवला, आणि शेजारी उभ्या लेकीचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून लेकीनं ध्यास घेतला. पिठाच्या डब्यावर, दारावर, आरशावर चिठ्ठ्या चिकटवून तिनं आईला वाचायला शिकवलं. चाळिशीतल्या बाईची जीभ अक्षरांना अडखळे, पण पुढे सरके.

ती उकिडवी बसली आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागली.

"घरचा फ्रिज. धनीण तापट. खालची तार सैल होते, दाबून बसवा. मग तिच्या हातचा चहा पिऊनच जा."

तिनं पुन्हा वाचलं. मग खालची तार शोधली, दाबून बसवली, पिन लावली. फ्रिज एकदा शहारला आणि चालू झाला. ती मात्र तशीच जमिनीवर बसून राहिली, तोंडावर पालथा हात धरून. सात वर्षांत घरात पहिल्यांदा तो बोलला होता, आणि बोलला तोही टोमणाच.

संध्याकाळी ती उस्तादाकडे गेली आणि झाकणच पुढे धरलं.

"ही आमची रीत आहे, वहिनी," उस्ताद हसून म्हणाला. "मशीन उघडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला पुढच्या माणसासाठी दोन शब्द लिहून ठेवायचे. गॅस किती भरला, काय बदललं, कुठं जपायचं. पुढचा कोण, कधी येईल, ठाऊक नसतं. तुमचा थंडोबा तर गोष्टीच लिहायचा."

"म्हणजे अजून असतील?"

"असतील की. तो हात फिरवून गेला नाही असं मशीन या भागात सापडायचं नाही."

"मग मला शिकवा हे काम."

उस्ताद चपापला. "वहिनी, वर्गात सगळी विशीतली पोरं. तुमचं वय..."

"वय माझं आहे, मशीनचं नाही. हातात दम आहे. आणि आता वाचता येतं."

उस्तादानं नाव लिहून घेतलं. त्याला वाटलं, बाईला नवऱ्याचं अक्षर वाचायचंय. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, लेकीलासुद्धा नाही. ते कारण तिच्या ट्रंकेत, जुन्या शालीत गुंडाळून ठेवलं होतं. लाल रंगाचं, मुठीएवढं कुलूप.

थंडोबा गेला त्या दिवशी सकाळी ती लेकीला घेऊन बहिणीकडे निघाली होती. तो कामावरून परस्पर तिकडेच येणार होता. दाराच्या कुलपाची स्प्रिंग तुटली होती आणि नवं आणायचं राहून गेलं होतं. तो आंघोळीला गेला असताना तिनं त्याच्या हत्यारांच्या पिशवीतलं लाल कुलूप किल्लीसकट काढून घेतलं, आणि तो कामाला गेल्यावर दाराला लावलं. एका दिवसाचा तर प्रश्न, असं मनाशी म्हणाली. विचारलं नाही. कुलूप म्हणजे कुलूप. दार राखायचं, दुसरं काय करायचं?

दुपारी बहिणीच्या दारात निरोप आला. भाजी साठवायच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, तीन नंबरच्या थंड खोलीत, थंडोबा शिडीवर चढून छताजवळचा पंखा दुरुस्त करत होता. पंखा अचानक सुरू झाला. त्याच्या हाताला पात्याचा फटका बसला आणि तो शिडीवरून खाली आला, डोक्यावर. ती धावत परत आली, आणि घरात शिरायला तिला तेच लाल कुलूप उघडावं लागलं. किल्ली फिरली तेव्हाचा 'खट्' आवाज तिच्या कानात बसला तो बसलाच.

तेराव्या दिवशी उस्ताद ओसरीवर कुणाला तरी सांगत होता, "एवढा जाणता माणूस, पण स्विचला कुलूप न लावता आत गेला. लाल कुलूप असतं ना आमच्याजवळ. स्विच बंद करायचा, कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात. मग बाहेरून कुणालाच चालू करता येत नाही. विसरला. त्यानंच स्वतःचा घात केला."

ती दाराआड चहाचे कप घेऊन उभी होती. तेव्हा तिला कळलं, ते कुलूप कशाचं होतं. आत जाऊन तिनं कप ठेवले. काही बोलली नाही. आणि एकदा न बोललेलं माणूस पुढे बोलायला बसतं कधी? दर वर्षी ते जास्त जड होतं. थंडोबा निष्काळजी म्हणून गेला, असं लोक सात वर्षं म्हणत राहिले आणि तिनं म्हणू दिलं.

वर्ग एका जुन्या गोदामात भरायचा. भिंतीला लागून भंगारातले फ्रिज, एसी, पाण्याचे कूलर. गुरं बाजारात ओळीनं उभी करतात तशी. आठवडाभरात ती तांब्याची नळी कापायला शिकली. नळीचं तोंड फुलवायला, जोड आवळायला, जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडा उठतो का ते पाहायला शिकली. बुडबुडा उठला तर गॅस गळतोय. हात जात्याच नेटके होते, आणि हवा ओढून घेतल्याशिवाय गॅस भरायचा नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. "आधी भांडं घासा, मग दूध ओता," ती म्हणाली, आणि उस्तादानं ते वाक्य फळ्यावर लिहिलं.

तिच्या जोडीला एक चष्मेवाली पोरगी होती. तोंडानं फटकळ, मनानं सरळ.

"मावशी, तुम्ही मशीन उघडलं की आधी झाकण उलटं का करता?"

"पत्र आलंय का बघते."

"कुणाचं?"

"आहे एक आळशी माणूस. लिहितो, पण येत नाही."

आणि पत्रं येत होती. एका दुकानातल्या फ्रिजच्या आत: "मालकाला घाई फार. त्याला बोलू द्यावं, आपण काम करावं." एका एसीत: "या घरचं कुत्रं सोडलेलं असतं. आधी हाक मारा, मग फाटक." एका कूलरमध्ये नुसतं: "आज लेकीचा पहिला दात पडला. गॅस पूर्ण भरला आहे." ते वाचून ती बराच वेळ पाना हातात धरून उभी राहिली. त्या दिवशी तोही असाच उभा राहिला असेल, याच मशीनपुढे, हीच वीतभर जागा अडवून.

हळूहळू असं होऊ लागलं, की मशीन उघडण्याआधीच तिला तो मागे उभा वाटायचा. कॉम्प्रेसर बंद होताना शेवटी एक गचका देतो, झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखा. त्या गचक्यानंतर गोदामात जी शांतता पसरायची, तिच्यात तिला स्पष्ट ऐकू यायचं, 'खट्'. ती वळून बघायची. मागे फ्रिजची ओळ, सगळी दारं बंद.

"मावशी, कोण आहे?"

"कोणी नाही. तू नळी धर."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिच्या मनात गार वारा होता. आणि सगळ्या चिठ्ठ्यांत तिला एकच ओळ हवी होती, जी कुठंच सापडत नव्हती. पिशवीत कुलूप नाही हे कळल्यावर तो काय म्हणाला असेल? चिडला असेल? की त्याला कळलंच नसेल, आणि तो भरवशावर आत गेला असेल?

दुसऱ्या महिन्यात उस्तादानं विजेचा धडा घेतला. बोलताना त्यानं तिच्याकडे पाहायचं टाळलं.

"दोन गोष्टी मरेपर्यंत विसरायच्या नाहीत. पहिली, स्विचला आपलं कुलूप आणि किल्ली आपल्याच खिशात. सख्ख्या भावालासुद्धा द्यायची नाही. दुसरी, थंड खोलीतलं काम संपल्यावर चालू करण्याआधी तिचं दार उघडायचं आणि आत तीनदा ओरडायचं, 'आत कोण आहे?' उत्तर येत नाही याची खात्री झाली, मगच बटण."

"आणि कुलूप नसलं तर?" चष्मेवालीनं विचारलं.

"नसलं तर काम करायचं नाही. पण अगदीच अडलं, तर जुनी माणसं हे काढून खिशात टाकायची." उस्तादानं पेटीतून एक वस्तू काढली आणि हातोहात फिरवायला दिली. "हा फ्यूज. हा काढला की बटण दाबून उपयोग नाही, वीज पुढे जातच नाही."

फिरत फिरत ती वस्तू तिच्या हातात आली. पांढरी, चिनी मातीची, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. दोन्ही टोकांना पितळेच्या जिभा.

ही वस्तू तिच्या घरी होती. दवाखान्यातून थंडोबाचा सदरा आला तेव्हा खिशात पेन्सिलीचा तुकडा, रुमाल आणि ही वस्तू होती. काहीतरी सुटा भाग, दुकानात दाखवायला घेतला असेल, असं तिला वाटलं होतं. सात वर्षं ती शिवणाच्या डब्यात पडून होती. लेक तिच्यावर धागा गुंडाळत असे.

घरी जाऊन तिनं धागा सोडवला. खाली पांढऱ्या मातीवर पेन्सिलीनं एक आकडा होता. ३.

म्हणजे कुलूप नाही हे त्याला कळलं होतं. तो बेसावध आत गेला नव्हता. त्यानं फ्यूज काढून खिशात ठेवला होता. मग पंखा फिरला कसा?

त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. आजवर एकच प्रश्न छळत होता, आता त्याला दुसरा फुटला.

वर्ग संपत आला तशी प्रत्येकाला परीक्षेसाठी खऱ्या जागेवरचं एक काम वाटून द्यायची वेळ झाली. उस्तादाच्या यादीत एक ओळ होती, तिच्यावर त्यानं कुणाचं नाव लिहिलं नव्हतं. ते कोल्ड स्टोरेज होतं. तीन नंबरची खोली त्या दिवसापासून बंद होती. हमाल आत पाऊल टाकायला तयार नसत. म्हणत, आत कुणीतरी शिडी सरकवतं. आता नव्या मालकाला ती पुन्हा सुरू करायची होती.

"ते काम माझं," ती म्हणाली.

"वहिनी, ते मी करणार आहे. तिथं तुम्ही नको."

"उस्ताद, सात वर्षं मी रोज तिथंच असते. एकदा पायांनी जाऊन येऊ दे."

उस्तादानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग नाव लिहिलं.

कोल्ड स्टोरेजच्या दारात तिला आणि उस्तादाला कोठीवाला भेटला. तिथला सगळ्यात जुना माणूस. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, पाठीत वाक आलेला. तिला बघून त्यानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना जाड दरवाजे, पायाखाली ओली फरशी. बटाट्याचा आणि थंडीचा असा एक वास. तीन नंबरच्या दाराबाहेर भिंतीवर विजेचा बोर्ड होता, लोखंडी झाकणाचा.

"उघडा," उस्ताद म्हणाला.

तिनं तीन नंबरचा स्विच खालीच आहे ना ते पाहिलं आणि झाकण उघडलं. आत पांढऱ्या फ्यूजची ओळ, दातांसारखी. एक, दोन, तीन, चार, आणि पाचच्या जागी खिंडार. प्रत्येक फ्यूजवर पेन्सिलीनं आकडा. तिच्या नवऱ्याचा आकडा ती आता झोपेतही ओळखेल. ती ओळीवरून बोट फिरवत गेली. १. २. तिसऱ्या जागी बसलेल्या फ्यूजवर आकडा होता ५.

तिनं बोट तिथंच ठेवलं. तीन नंबर तिच्या पिशवीत होता. कुणीतरी पाचचा काढून तीनच्या जागी बसवला होता.

मग तिची नजर झाकणाच्या आतल्या बाजूला गेली.

अक्षर थोडं घाईचं होतं, पण त्याचंच. ती मोठ्यानं वाचू लागली, कारण मनात वाचायला तिला अजून जमत नसे.

"तीन नंबरचा पंखा. कुलूप आज घरी कामाला लागलंय..."

ती थांबली.

"घरी?" उस्ताद म्हणाला. "घरी म्हणजे काय?"

तिनं पिशवीतून लाल कुलूप काढलं आणि तळहातावर ठेवलं.

"दाराचं कुलूप तुटलं होतं. मी त्यांच्या पिशवीतून हे काढून घेतलं, न विचारता. ते विसरले नव्हते, उस्ताद. तुम्ही सात वर्षं म्हणालात आणि मी ऐकत राहिले. ते विसरले नव्हते."

उस्ताद भिंतीला टेकला. पण बोलला तो कोठीवाला. इतका वेळ तो दूर उभा होता, आता दोन पावलं पुढे आला.

"बाई, पुढे काय लिहिलंय?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. पुढची ओळ तिनं ओठांतल्या ओठांत आधीच पुटपुटून घेतली होती. आणि त्याच्या चेहऱ्यावर तिला ते दिसलं, जे ती सात वर्षं आरशात पाहत होती. तिला कळलं. विचारायची गरजच उरली नाही.

"तुम्हाला वाचता येत नाही, काका?"

"नाही. त्या दिवशी मला वाटलं, ते चहाला गेलेत. खोलीचं दार लोटलेलं. बटाटा तापत होता, मालक फोनवर ओरडत होता. बटण दाबलं तर चालू होईना. झाकण उघडलं, तर तिसऱ्या जागेला काहीच नाही. म्हटलं, पडला असेल कुठं. पाचची खोली तेव्हाही रिकामीच होती, तिचा काढून इथं बसवला." त्यानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "हे गिरगटलेलं मी तेव्हाच पाहिलं होतं. हिशेब असेल, म्हटलं. नंतर मीच बटण बंद केलं, झाकण लावलं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण दर महिन्याला झाकण उघडतो, बघतो आणि लावतो. कुणाला वाच म्हणायची छाती होत नाही. आत काय लिहिलंय ते ठाऊक नाही, पण ते मलाच लिहिलंय एवढं कळतं."

बोळात कुठंतरी पाणी ठिबकत होतं. दुसऱ्या खोल्यांचे कॉम्प्रेसर घुमत होते.

ती म्हणू शकली असती, हिशेबच आहे काका. तिच्या ओठांवर आलंही होतं. वाकलेला म्हातारा माणूस, अजून किती दिवस राहिलेत. पण त्याच्या जागी तिनं स्वतःला उभं केलं. तेराव्या दिवशी दाराआड कप घेऊन उभी असताना कुणी तिला खोटं सांगितलं असतं तर? तर ती मरेपर्यंत अशीच मागे वळून बघत राहिली असती.

"वाचा बाई," तो म्हणाला. "सगळं वाचा."

तिनं बोट ठेवलं आणि एकेक शब्द वाचला.

"फ्यूज माझ्या खिशात आहे. मी आत आहे. हात लावू नका."

कोठीवाल्यानं मान हलवली. एकदा, दोनदा. मग तो भिंतीच्या कडेनं हळूहळू खाली बसला आणि ओल्या फरशीवर दोन्ही हात पालथे ठेवून राहिला. रडला नाही. एवढंच म्हणाला, "सरळ लिहिलं होतं की. अगदी सरळ."

"वहिनी," उस्ताद म्हणाला, "कुलूप असतं, तर यानं झाकण उघडून..."

"उघडता आलं नसतं. ठाऊक आहे मला. कुलूप असतं, तर आज ते घरी बसून चहा मागत असते. माझा वाटा मला माहीत आहे, उस्ताद, तो कुणी उचलू नका. पण त्यांच्या नावापुढे 'निष्काळजी' हा शब्द उद्यापासून नको."

"नाही म्हणणार," उस्ताद म्हणाला.

मग तिनं काम सुरू केलं, कारण त्यासाठीच ती आली होती. पाच नंबर काढून पाचच्या जागी बसवला. तीनची जागा रिकामी ठेवली. झाकण लावून स्विच आणि झाकण यांच्या कड्यांत मिळून लाल कुलूप अडकवलं, किल्ली फिरवली. 'खट्'. या वेळी आवाज कानातला नव्हता, खरोखर तिच्या हातून झाला होता. किल्ली खिशात टाकली, वरून हात दाबून पाहिला आणि तीन नंबरचं जाड दार ओढलं.

आत सात वर्षांचा अंधार होता. बॅटरीच्या उजेडात भिंती घामेजल्यासारख्या दिसत होत्या. कोपऱ्यात शिडी, त्याचीच असावी, कारण ती बाहेर न्यायला कुणी धजलं नव्हतं. तिनं शिडी लावली आणि चढली. पंख्यापर्यंत पोचली तेव्हा पातं हललं. पाव फेरा. आपोआप, सावकाश, कुणीतरी बोटानं ढकलावं तसं.

कुलूप बाहेर, किल्ली खिशात, फ्यूज पिशवीत. उघड्या दारातून वारा आला असेल. तिनं हात पुढे केला आणि पातं तळव्यात धरलं. ते गार होतं आणि किंचित थरथरत होतं. ते शांत होईपर्यंत तिनं सोडलं नाही.

"आले बरं का," ती हळूच म्हणाली. "उशीर झाला."

मग तिनं बेअरिंग बदललं, धूळ काढली, सैल झालेली तार दाबून बसवली. तासभर लागला. खाली चष्मेवाली असती तर म्हणाली असती, मावशी, कुणाशी बोलताय? खाली कुणी नव्हतं.

बाहेर येऊन तिनं कुलूप काढलं, झाकण उघडलं, तीन नंबर त्याच्या जागी बसवला. पितळेच्या जिभा घट्ट बसल्या. मग पेन्सिल काढली. पुढच्या माणसासाठी काहीतरी लिहायचं होतं. त्याच्या ओळीखाली वीतभर जागा होती. तिनं पेन्सिल टेकवली आणि थांबली. नवऱ्यानं लिहिलं होतं, सरळ आणि स्वच्छ, आणि त्याचा उपयोग झाला नव्हता. ज्याला वाचता येत होतं तो आत होता. ज्याला येत नव्हतं तो बाहेर.

"काका, इकडे या."

कोठीवाला भिंतीचा आधार घेत उठला.

"हात ठेवा इथं. उजवा."

तो दचकला, पण त्यानं ठेवला. झाकणाच्या पत्र्यावर, थंडोबाच्या अक्षरांच्या खाली, सुरकुतलेला पंजा. तिनं पेन्सिल प्रत्येक बोटाभोवती फिरवली, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. हात उचलल्यावर तिनं त्या पंज्यावर आडवी-उभी जाड फुली मारली. शेजारी शिडी काढली आणि शिडीवर एक माणूस. चित्र काही फार सुबक नव्हतं. लेकीचं पहिलीतलं चित्र याहून बरं होतं.

"काय लिहिलंत?" त्यानं विचारलं.

"लिहिलं नाही. बघा, कळतंय का?"

त्यानं बघितलं. शिडीवरच्या माणसावर बोट ठेवलं. "कळतंय," तो म्हणाला.

आता फक्त बटण उरलं होतं. ती दाराशी गेली, दार पुरतं उघडलं आणि अंधारात तोंड घालून रीतीप्रमाणे ओरडली.

"आत कोण आहे?"

आवाज पलीकडच्या भिंतीला लागून परत आला.

"आत कोण आहे?"

मागे झाकणावर 'मी आत आहे' अजून लिहिलेलं होतं. ते तिनं पुसलं नव्हतं.

"आत कोण आहे?"

उत्तर आलं नाही. तीन वेळा झालं. रीत पुरी झाली. ती वळली, तर वाटेत कोठीवाला उभा होता. त्याचा हात अजून छातीशी धरलेला होता, पेन्सिलीचा काळा डाग बोटांवर.

"बाई," तो म्हणाला, "अजून एकदा विचारा."

ती पुन्हा दाराशी गेली. या वेळी ओरडली नाही. घरात आतल्या खोलीतल्या माणसाला विचारतात, तेवढ्याच आवाजात तिनं विचारलं. मग तिघंही थांबले, किती वेळ ते कुणी मोजलं नाही. पाणी ठिबकत होतं.

तिनं दार लावलं, बोर्डाशी आली आणि स्विच वर ढकलला. दारापलीकडे पंखा जागा झाला, आधी कुरकुरत, मग एकसारखा. कोठीवाला दाराला कान लावून उभा होता. तो बराच वेळ तसाच उभा राहिला, आणि त्याला कुणी चला म्हणालं नाही.